राजगिऱ्याचा देव

१

तिघं गेले होते, दोघं परत आले. मंजूषा लिमये परत आली नाही ही बातमी वाखनिंगनहून द हेगला पोचायला अख्खी दुपार लागली. तिने राजाला विष घातलं ही बातमी मात्र तिच्याआधीच येऊन बसली होती. बदनामीला कुणी वाट दाखवावी लागत नाही.

मृदुला आगाशेने फाइल उघडली तेव्हा बाहेर नोव्हेंबरचा तो डच पाऊस चालू होता, जो पडतही नाही आणि थांबतही नाही. बावीस वर्षं ती या शहरात निरनिराळ्या समित्यांसाठी चौकश्या करत होती. युद्धातून आलेले, पळून आलेले, पळवून लावलेले, सगळ्यांचे जबाब ऐकून तिचे कान किटले होते. पण सहाशे वर्षांपूर्वीच्या खुनाची चौकशी तिच्याकडेही पहिल्यांदाच आली होती.

काळाचं दार उघडायची विद्या वाखनिंगनच्या एका प्रयोगशाळेत सापडली आणि तिचा पहिला उपयोग काय करावा, तर बियाणं आणायचं! शेतकी विद्यापीठाच्या गावाला दुसरं काय सुचणार म्हणा. मेक्सिकोच्या पठारावर, सरोवराच्या काठी अझ्टेकांचं एक लहानसं नगर होतं. तिथे पाण्यावरच्या शेतांत राजगिऱ्याचं एक वाण पिकायचं, जे पुढे पार नष्ट झालं. ते आणायला वनस्पतिशास्त्रज्ञ मंजूषा गेली, तिथली जुनी भाषा शिकवणारा आशुतोष दुभाषा म्हणून गेला आणि यंत्र सांभाळायला अंबरीश. तिघंही मराठी निघाले याचं इथल्या वर्तमानपत्रांना फार कौतुक वाटलं होतं. खरं कारण साधं होतं: सहा फुटी, सोनेरी केसांचा डच माणूस त्या बाजारात दोन पावलंही लपला नसता.

इथला एक दिवस म्हणजे तिथलाही एक दिवस. मागे सरकून झालेलं पुसायची सोय त्या दारात नव्हती. आणि ते आता एकदाच उघडणार होतं. मंजूषा निर्दोष असेल तर तिला सोडवायला माणसं पाठवायची. खुनी असेल तर तिच्यापायी दुसऱ्यांचे जीव घालवायचे नाहीत, दार कायमचं बंद करायचं. शुक्रवारी समिती निर्णय देणार होती.

मृदुलाने आशुतोषचा इंग्रजी जबाब वाचला. देवाची मूर्ती पिठाची होती. ती मंजूषाने एकटीने मळली. त्यातला घास आधी तू खा, असं तिला सांगण्यात आलं. तिने भर दरबारात नकार दिला. मग राजाने खाल्लं आणि तो तडफडून मेला.

बाईंच्या विरुद्ध याहून सरळ पुरावा मृदुलाने क्वचितच पाहिला होता.

२

अ‍ॅमस्टेलव्हीनच्या त्या घरात मंजूषाची सायकल अजून दारातच उभी होती. तिचा नवरा हेमचंद्र पुण्याहून आलेला सॉफ्टवेअरवाला, एरवी बोलघेवडा असावा. आता तो एकच वाक्य धरून बसला होता.

"ताई, आशुतोष म्हणाला की त्याने तिला चालत जाताना पाहिलं. सेनापतीची माणसं तिला घेऊन गेली, पण ती चालत होती. म्हणजे ती आहे. हो ना?"

"जबाबात तसंच आहे," मृदुला म्हणाली.

"मग झालं तर. तुम्ही फक्त त्यांना पटवा की तिने काही केलं नाही. बाकी लोक आणतील तिला."

सोफ्यावर तेरा वर्षांची आर्या पाय पोटाशी घेऊन बसली होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीत नाहीतर डचमध्ये. "ममा सेज सॉरी टू प्लँट्स," ती म्हणाली. "व्हेन शी कट्स देम. शी कान्ट किल अ किंग."

मृदुलाला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. पोरीची साक्ष समितीपुढे चालणार नव्हती.

"मंजूषा तिथे खूश होती का?" तिने विचारलं. "दारातून निरोप यायचे ना?"

"पहिले काही आठवडे खूप. म्हणायची, हेम, अरे हे लोक राजगिऱ्याच्या लाह्या मधात मळून त्याचा देव करतात! आपला लाडू, त्यांचा देव. त्यांच्याकडूनच तर आला तो आपल्याकडे." हेमचंद्रचा चेहरा क्षणभर उजळला. "मग म्हणाली, सणाचा देव मलाच करायला सांगितलाय. राजाने स्वतः. मी म्हटलं, बाई, मीठ-साखर तरी बघून घाल."

"का?"

"अहो, गेल्या गणपतीत आमच्याकडे वीस माणसं जेवायला. आमटीत मीठच नाही! नैवेद्य दाखवायच्या आधी चाखायचं नाही म्हणजे नाही. सासूबाईंची शिकवण. सगळे अळणी आमटी जेवले आणि वर छान झालीय म्हणाले. एक डच शेजारी होता, तो मात्र सरळ मीठ मागून मोकळा झाला."

मृदुलाने हातातला चहाचा कप खाली ठेवला. तिला जबाबातलं ते वाक्य आठवलं: आधी तू खा.

कशाच्या आधी?

३

वाखनिंगनच्या प्रयोगशाळेत अंबरीश बंद यंत्रासमोर बसला होता, घरात मयत झाल्यासारखा. दार त्यानेच लावलं होतं. मंजूषा पलीकडे असताना लावलं होतं, हे त्याला कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती.

"तुम्ही थांबला का नाहीत?" मृदुलाने तरीही विचारलं.

"आशुतोष धापा टाकत आला. एकटाच. मागे शंख वाजत होते, माणसं ओरडत होती. म्हणाला, राजा मेला, मंजूषाने विष घातलं, ती सेनापतीकडे गेली, आता आपल्याला सोलून काढतील. ते दरवाज्यापर्यंत आले असते तर इथे आले असते, ताई. इथे." त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं. "मी बटण दाबलं."

"तुम्ही तिथल्या भानगडीत पडलातच कसे? बी घ्यायचं आणि यायचं, एवढंच ठरलं होतं ना?"

"माझ्यामुळे. राजाचा नातू, लेकीचा मुलगा, तापाने फणफणला होता. मी गोळ्या दिल्या. पोर वाचलं आणि आम्ही राजाच्या मर्जीतले झालो. तेच नडलं." राजा म्हातारा होता, त्याने सांगितलं. मुलगा कोवळा. राजाचा भाऊ सेनापती होता आणि गादीवर डोळा ठेवून बसला होता. दोन्हीकडून भेटी येऊ लागल्या, दोन्हीकडून बोलावणी. दोन घरचा पाहुणा उपाशी. इथे तर प्राणाशीच गाठ. "मंजूषा म्हणायची, कुणाच्याच घरी जेवायला जायचं नाही. आशुतोष मात्र जायचा. भाषा त्यालाच यायची ना. कोण काय म्हणतंय ते आम्हाला त्याच्याकडूनच कळायचं."

"त्या पिठात काय काय होतं?"

"राजगिरा आणि मध. बस्स. त्यांचे लोक मक्याचं पीठ घालायचे, हिने ऐकलं नाही. म्हणाली, माझा देव शुद्ध राजगिऱ्याचा. लाह्या तिने स्वतः फोडल्या, मी बघत होतो. त्यातलं कोरडं पीठ मी मूठभर खाल्लंही. मग मी दाराकडे आलो."

"तुम्हाला काही झालं नाही."

"नाही."

"आणि मध?"

अंबरीश उत्तर देता देता थांबला. आठ दिवसांत हा प्रश्न त्याला कुणीच विचारला नव्हता, त्याने स्वतःलाही विचारला नव्हता.

"मध आशुतोषने आणला," तो म्हणाला. "बाजारातून आणला म्हणाला."

४

आशुतोष देखणा होता, बोलायला गोड होता आणि त्याला ते ठाऊक होतं. ट्रामच्या थांब्याजवळच्या कॅफेत तो मृदुलाची वाट बघत बसला होता. खुर्ची त्यानेच मागे ओढून दिली.

"मॅडम, मला मंजूषाबद्दल वाईट वाटतं. शी वॉज लाइक अ सिस्टर. पण डोळ्यांनी पाहिलेलं मी नाकारू कसं?"

"नाकारू नका. नीट आठवून सांगा. देवळात काय घडलं?"

तो छान सांगायचा. मृदुलालाही क्षणभर ते पटांगण दिसलं: पायऱ्यांवर बसलेला म्हातारा राजा, उजवीकडे सेनापती, डावीकडे घाबरलेला युवराज, मधोमध तो तांबूस, चकाकणारा पिठाचा देव. मोठा पुजारी मंजूषाकडे वळला आणि म्हणाला, परक्या बाई, तू केलंस, तू आधी खा. ती नाही म्हणाली. त्याने परत विचारलं. ती परत नाही म्हणाली. लोकांत कुजबुज झाली. राजा हसला, म्हणाला, जिच्या माणसाने माझा नातू वाचवला ती मला मारेल का? मग पूजा झाली, देव फोडला, सगळ्यांना वाटला; खाणारे कितीतरी जण पडले, त्यांत राजाही.

"पुजाऱ्याने विचारलं ते पूजेच्या आधी?" मृदुलाने विचारलं.

"हो. आधीच."

"ती मराठीत काय म्हणाली?"

"नाही म्हणाली."

"एवढंच?"

"एवढंच." हे बोलताना त्याने ट्रामकडे पाहिलं.

मृदुलाने कॉफी ढवळली. साखर तिने घातलेलीच नव्हती. "देव सगळ्यांना वाटला म्हणालात. तुम्ही नाही खाल्लात?"

"नाही ना. वाचलो. माझा उपवास होता. एकादशी. चंद्र बघून मोजली होती. कमिटीला मी सांगितलं, इट वॉज अ रिलिजस फास्ट. त्यांनी फार आदराने लिहून घेतलं."

घेणारच. दुसऱ्याच्या धर्माचा विषय निघाला की डच माणूस नजर खाली करतो आणि पुढचा प्रश्न विचारतो. त्या टेबलाशी एखादी मराठी बाई बसली असती तर जबाब तिथेच थांबला असता.

"आशुतोष," मृदुला शांतपणे म्हणाली, "राजगिरा आणि मध. तुमच्या घरी एकादशीला काय खातात हो?"

"त्यात मका होता," तो म्हणाला.

"अंबरीश म्हणतो नव्हता."

आशुतोष उठला. कोट घेतला. बिल न देता तो पावसात निघून गेला आणि मृदुला त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिली. मंजूषा सुटली, तिला वाटलं. सुटली बाई. कित्येक वर्षांत तिला असा आनंद झाला नव्हता, आणि त्या आनंदात ती पुढचं बघायला विसरली.

५

शुक्रवारी समितीच्या दालनात हेमचंद्र पहिल्या रांगेत बसला होता. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता, दाढी केली होती. आर्या बाहेर बाकावर होती. आशुतोषला दोन पोलिसांनी आणून बसवलं होतं. तो दोनच दिवसांत उतरला होता.

मृदुला उभी राहिली. तिने इंग्रजीत, सावकाश, पोरांना गणित शिकवावं तसं सांगितलं.

"आमच्याकडे देवासाठी केलेलं अन्न देवाआधी कुणी चाखत नाही. करणारीने तर नाहीच. मंजूषा लिमये स्वतःच्या घरी अळणी आमटी वाढते, पण चाखत नाही. पुजाऱ्याने तिला विचारलं ते पूजेच्या आधी. तिचा नकार हा गुन्हा नव्हता, संस्कार होता. आणि देवाआधी माणसाने खायचं नाही, हे त्या लोकांनाही सांगताक्षणी कळलं असतं. सांगणारा एकच होता. दुभाषा." ती आशुतोषकडे वळली. "हा मराठी आहे. तिने का नाही म्हटलं ते याला कळलं नाही, असं होणं शक्य नाही. निरपराध माणसाने ते ओरडून सांगितलं असतं. याने नुसतं 'नाही' भाषांतरित केलं."

मृदुलाने पुढचा कागद काढला.

"दुसरं. याने स्वतः खाल्लं नाही. उपवास होता म्हणतो. राजगिरा हे आमचं उपवासाचंच अन्न आहे. म्हणजे उपवास खोटा. म्हणजे राजा पडायच्या आधीच याला ठाऊक होतं की हे खायचं नाही. तिसरं, कोरडं पीठ अंबरीशने खाल्लं, तो धडधाकट आहे. विष मधात होतं. मध याने आणला."

आशुतोष खाली बघत होता. "मला मारायचं नव्हतं," तो मराठीत पुटपुटला. "सेनापती म्हणाला, धोतऱ्यासारखं काहीतरी आहे. राजा चारचौघांत बरळेल, कपडे फाडेल, मग गादी आपोआप माझी. आणि तू माझी वाणी होशील." त्याने मान वर केली. "मॅडम, इथे माझं कॉन्ट्रॅक्ट दर वर्षी लटकलेलं. वर्गात चार पोरं, तीही फोनमध्ये. तिथे मी तोंड उघडलं की दरबार गप्प व्हायचा. तुम्हाला नाही कळायचं."

"आणि मग?"

"राजा मेल्यावर सेनापतीने माझ्याकडेच बोट दाखवलं. मी पळालो."

मृदुलाने त्याचं बोलणं इंग्रजीत सांगितलं. हेमचंद्र रडत होता आणि हसतही होता. "थँक यू, ताई," तो पुन्हापुन्हा म्हणत होता. "थँक यू."

समितीच्या अध्यक्षबाई कोरड्या, पण न्यायी होत्या. त्यांनी चष्मा काढला. "एक प्रश्न राहतो," त्या म्हणाल्या. "या गृहस्थांनी खाल्लं नाही, म्हणून त्यांना ठाऊक होतं, असं तुम्ही म्हणता. तोच नियम मॅडम लिमयेंना लावू. पूजेआधी त्यांनी नकार दिला, ते समजलं. पण पूजेनंतर? देव सगळ्यांना वाटला तेव्हा त्यांनी खाल्लं का? तेव्हाही खाल्लं नसेल तर दोघंही कटात होते."

"ऑफ कोर्स शी एट!" हेमचंद्र ताडकन उठला. आवाज आनंदाने फुटला होता. "ती प्रसाद कधीच सोडत नाही! सांगा त्यांना, ताई. नैवेद्य चाखणार नाही, पण प्रसाद पहिला घेईल. रस्त्यात कुणी दिला तरी घेते. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं म्हणते. तिने नक्की..."

तो थांबला.

मृदुलाने डोळे मिटले. दोन दिवस ती या वाक्याच्या इतकी जवळ बसली होती आणि तिने ते पाहिलं नव्हतं. पाहायचंच नव्हतं. तिने फक्त निर्दोष मंजूषा शोधली होती. जिवंत मंजूषा कुणी दिली होती? आशुतोषने. ती चालत गेली, सेनापतीकडे गेली, हे सांगणारा तो एकटाच. विष खाऊन मेलेल्या बाईवर विष घातल्याचा आळ येत नाही, म्हणून त्याला ती जिवंत ठेवावी लागली होती.

तिला बसावंसं वाटलं. पण हेमचंद्र उभा होता, म्हणून तीही उभी राहिली.

"आशुतोष," ती म्हणाली. "तुम्ही तिला चालत जाताना पाहिलंत?"

"नाही," तो म्हणाला.

"तिने खाल्लं?"

"हात धुऊन आली. दोन्ही हात पुढे केले. घास कपाळाला लावला."

"तुम्ही कुठे होतात?"

"शेजारीच."

"शेजारी," हेमचंद्र म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता, पत्ता विचारावा तसा. "मग हात का नाही धरलास तिचा?"

"सगळे बघत होते. आणि मला वाटलं, एवढ्याशा घासाने काय होणार." आशुतोषने तोंड झाकलं. बोटांमागून शब्द आले. "ती राजाच्या आधी पडली."

अध्यक्षबाईंना मराठी येत नव्हतं. त्यांनी मृदुलाकडे पाहिलं आणि मृदुलाला ते सगळं, एकेक वाक्य, हेमचंद्रच्या समोर पुन्हा इंग्रजीत सांगावं लागलं. तिच्या नोकरीत तिने याहून वाईट काम केलं नव्हतं.

नोंद झाली. मंजूषा लिमये पूर्णतः निर्दोष. दार उघडण्याचे प्रयोजन उरलेले नाही.

६

बाहेर आर्या बाकावरून उठून उभी होती. दाराच्या काचेतून तिने बापाला रडताना आणि हसताना पाहिलं होतं, पुढचं पाहिलं नव्हतं. तेवढ्यात तिला कुणीतरी गरम चॉकलेट आणून दिलं होतं.

"पापा? डिड शी डू इट?"

"नाही," हेमचंद्र म्हणाला. "आईने काही नाही केलं."

"दे बिलीव्ह इट? ऑल ऑफ देम?"

"हो. सगळ्यांनी."

पोरीने डोळे गच्च मिटले आणि मोठ्ठा श्वास सोडला. आठ दिवस तिला घरी, शाळेत, सगळीकडे एकच गोष्ट सांगितली गेली होती: आई निर्दोष ठरली की दार उघडणार. तिने तेवढंच पाठ केलं होतं. तिच्या हिशेबात आता काही शिल्लक नव्हतं.

"ओके," ती म्हणाली. तिने डोळे पुसले, बाकावरचं जॅकेट उचललं, अंगात घातलं आणि चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली. "देन वुई हॅव टू बी देअर. व्हेन शी कम्स आउट. वाखनिंगनला ट्रेन किती वाजता आहे?"

मृदुलाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं, पण तिला एकही भाषा आठवेना.

हेमचंद्र मुलीसमोर गुडघे टेकून खाली बसला. त्याने तिच्या जॅकेटची चेन धरली आणि ती हळूहळू परत खाली ओढायला सुरुवात केली.